नसीम, तुझी ती तुर्कस्तानची एलिफ

नसीम, सलीमभाईंचा फोन आला तेव्हा मी त्यांना पहिलं काय विचारलं असेल, तर तुम्ही कुठून बोलताय. त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता आणि मी उलटतपासणी घेत होते. नसीम गेली म्हणजे कधी गेली, कशानं गेली, तुम्हाला कोणी सांगितलं. ते म्हणाले, "सुनंदाबाई, मी तिचा भाऊ हाय. मला कोण सांगंल?" मग मी फोन ठेवून पिशवी भरली. तरी लातूरहून नांदेडच्या बसमध्ये बसेपर्यंत मनात कुठेतरी वाटत होतं, हा तुझाच काहीतरी डाव असणार. मला बोलावून घ्यायला तू काय वाटेल ते करशील. तुमच्या गल्लीत वळल्यावर दारासमोर चपलांचा ढीग दिसला, तेव्हा कुठे खरं वाटलं.

मी संशयी आहे हे तू सगळ्या लातूरला सांगून ठेवलं होतंस. भाजीवाल्याचं माप, रिक्षावाल्याचा रस्ता, दूधवाल्याचं पाणी, माझ्या तावडीतून काही सुटायचं नाही. "ही देवाकडं पण पावती मागंल," असं तू आपल्या खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचीस आणि लोक माझ्याकडे बघून हसायचे. मी चिडायचे. चिडल्यावर तू मला चहा करून द्यायचीस, आणि त्या चहात साखर मुद्दाम जास्त घातली आहे असा मला संशय यायचा. ती असायचीच.

पण माझ्या संशयाला कारण होतं, ते फक्त तुला ठाऊक होतं. भूकंप झाला तेव्हा मी बी.ए. करत होते. आमच्या चाकूरकडे भिंतींना भेगा गेल्या, माणसं वाचली. किल्लारीच्या बाजूला काय झालं ते आता कोणाला सांगायला नको. कॉलेजच्या सरांनी इंग्रजी येणाऱ्या आम्हा काही पोरींना पत्र्याच्या शेडमध्ये नेलं, मदत घेऊन आलेल्या परदेशी पाहुण्यांना लोकांचं बोलणं समजावून द्यायला. सुरुवातीला लोक बोलायचेच नाहीत. महिन्याभरात मात्र त्यांना कळून चुकलं, पाहुणा कोणत्या वाक्याला मान हलवतो आणि कोणत्या वाक्याला रुमाल काढतो. एक बाई होती. नवरा मेला ते बरं झालं, मारून मारून जीव घेत होता, असं ती मला मराठीत म्हणायची, आणि पाहुणा समोर आला की डोळ्याला पदर लावायची. मला दोन्हीचं इंग्रजी करता येत होतं. पाहुण्याला पदराचंच हवं असायचं. तेव्हापासून परक्या माणसाला इंग्रजीत आपली हकीकत सांगणं या गोष्टीची मला धास्ती बसली, आणि नेमकं तेच खूळ तू डोक्यात घेऊन आलीस.

तेव्हा, भूकंपानंतर दहा-बारा वर्षांनी, आपण लातूरला एकाच क्लासमध्ये इंग्रजी शिकवत होतो. डॉक्टर-इंजिनिअर व्हायला सगळ्या मराठवाड्यातून पोरं येत होती, लोकांनी न्हाणीघरालासुद्धा दार लावून खोली म्हणून भाड्यानं दिलं होतं. पण तुझं नाव ऐकलं की खोली नेमकी कालच गेलेली असायची. शेवटी माझ्या नावावर खोली घेतली आणि तू मैत्रीण म्हणून राहायला आलीस. घरमालकीण तुझ्या डब्यात काय आहे ते वाकून वाकून बघायची. एकदा तू डबा तिच्यापुढे उघडाच धरलास. आत मेथीची भाजी होती. "घ्या मावशी," म्हणालीस, "खाऊनच खात्री करा." ती बाई तुझ्यावर जी खूश झाली ती कायमची. माझ्यावर मात्र तिचा शेवटपर्यंत भरवसा नव्हता.

क्लासमध्ये फिजिक्सच्या सरांना खुर्ची, केमिस्ट्रीच्या सरांना खुर्ची आणि इंग्रजीच्या बायांना बाक, अशी रीत होती. इंग्रजी म्हणजे नुसतं पास व्हायचा विषय. नोट्स पाठ करायच्या, पेपरात उतरवायच्या. क्लासचे मालक, ज्यांना सगळे मोठे सर म्हणत, त्यांनी माहितीपत्रकात 'इंटरनेट सुविधा' छापून ठेवलं होतं, म्हणून एका खोलीत काही संगणक प्लास्टिकच्या कव्हराखाली बसून होते. तू ते कव्हर काढलंस. इंग्रजी शिकणाऱ्या वेगवेगळ्या देशांतल्या वर्गांच्या जोड्या लावून देणारं एक संकेतस्थळ तुला सापडलं. दोन्ही वर्गांनी एकाच विषयावर लिहायचं, एकमेकांचं वाचायचं, उत्तर द्यायचं. तुझ्या वर्गाला जोडीदार मिळाला तो तुर्कस्तानातल्या समुद्राकाठच्या एका गावाचा.

मोठ्या सरांनी तुला केबिनमध्ये बोलावलं. मीही मागोमाग आले, कारण मला राहवलं नाही. "जगात इतके देश हायत," सर म्हणाले, "तुर्कस्तानच कामून?" तू म्हणालीस, "सर, जोडी त्या साइटनं लावली. मी काय मध्यस्थ न्हाई." सर हसले, पण दाराबाहेर आल्यावर तुझा चेहरा उतरला होता. मला त्या दिवशी सरांचा राग आला. आणि खरं सांगू का, मलाही तोच प्रश्न पडला होता, फक्त माझं कारण वेगळं होतं. समुद्राकाठची ती पोरं खरीच पोरं आहेत कशावरून? पलीकडे कोण बसलंय, कशाला आपल्या पोरांची चौकशी करतंय, पुढे काय मागणार आहे? "उद्या अमेरिकेत मेलेल्या काकाची इस्टेट पण निघंल," असं मी म्हणाले. तू म्हणालीस, "निघाली तर अर्धी तुझी."

पहिले विषय बरे गेले. माझी सकाळ, आमचा सण, आमच्या गावचा बाजार. पोरांनी मेसच्या डाळीबद्दल लिहिलं, तिकडच्या पोरांनी मासळीबद्दल. मग विषय आला, माझ्या आयुष्यातला न विसरता येणारा दिवस. आणि आपल्या पोरांनी जे केलं ते आपली पोरंच करू जाणोत.

मोठ्या सरांच्या छापील नोट्समध्ये भूकंपावर एक निबंध होता. पहाटे जमीन हलली, घर कोसळलं, तुळईखालून आजीचा हात दिसत होता, आजीनं माझं नाव घेतलं आणि प्राण सोडला. बोर्डाच्या परीक्षेत त्याला चांगले मार्क पडत. पोरांना वाटलं, विषय आला म्हणजे नोट्समधला निबंध आला. अख्ख्या वर्गानं तोच उतरवला, स्वल्पविरामासकट. हिंगोलीच्या पोराची आजी मेली, परळीच्या पोरीची मेली, ज्या पोराची आजी रविवारी लाडू घेऊन खोलीवर यायची तिचीही मेली. तू त्या आठवड्यात तापानं पडली होतीस, न वाचताच सगळं तिकडे गेलं.

त्या तुर्कस्तानच्या गावानंही काही वर्षांपूर्वी मोठा भूकंप सोसला होता. हे आपल्याला माहीत नव्हतं. तिकडच्या पोरांनी प्रत्येक आजीसाठी वेगळं सांत्वन लिहून पाठवलं. एका पोरीनं लिहिलं होतं, तुझ्या आजीचा हात माझ्या आजोबांच्या हातासारखा होता का? नंतर त्यांच्या बाईंनी सगळे निबंध एकत्र वाचले असणार. त्यांचं तुला एक छोटंसं पत्र आलं. तुमच्या वर्गातली सगळी मुलं एकाच घरातली आहेत का, एवढंच त्यांनी विचारलं होतं.

तू ते वर्गात वाचून दाखवलंस. पोरं हसली. मागच्या बाकावरचा एक जण उठून म्हणाला, "मॅडम, आपली आजी जिवंत हाय असं लिहून मार्क कोण देतंय?" तू त्याला रागावली नाहीस. खोलीवर येऊन मात्र तू रडलीस, आणि मी, माझा स्वभाव तो माझा स्वभाव, मी म्हणाले, "मी सांगितलं होतं." तू माझ्याकडे पाठ करून झोपलीस. तिकडच्या बाईंनी नंतर प्रकल्प बंद केला. तुझं माफीचं पत्र त्यांना पोचलं की नाही कोण जाणे, उत्तर आलं नाही.

त्या वर्गात आशा होती. भूकंपात उठून दुसरीकडे वसलेल्या एका गावची, लातुरात मामाकडे राहणारी. सगळ्या वर्गात खरोखर भूकंपात घरचं माणूस गेलेली ती एकटी. तिची आई गेली होती. आजी धडधाकट होती, तिनंच आशाला वाढवलं. तरी तिनंही निबंधात आजीच मारली. तू तिला विचारलंस, "बाई, तुझ्याजवळ तुझं खरं असताना तू दुसऱ्याचं कामून लिहिलंस?" ती म्हणाली, "माझं लिहिलं असतं तर चुकलं असतं." मी तिथेच उभी होते. 

आणि मग एलिफ आली. तू म्हणालीस, प्रकल्प बंद झाला तरी तिकडच्या एका मुलीला, एलिफला, आशाला लिहीत राहायचंय. आशाकडे ई-मेल नव्हता, तेव्हा एलिफचं पत्र तू छापून आणायचीस, आशाचं तू टाइप करून पाठवायचीस. मला पहिल्याच पत्राला संशयाचा वास आला. कागदाचा वरचा भाग, जिथे पाठवणाऱ्याचा पत्ता आणि वेळ असते, तो कात्रीनं कापलेला होता. मी विचारलं तर म्हणालीस, "कागद वाचवून राहिले." कापलेला कागद कसा वाचतो ते मला कोणीतरी समजावून द्यावं. शिवाय ही एलिफ सगळ्या मुलींसारखं नटांबद्दल, कपड्यांबद्दल काही लिहीत नव्हती. तिला काय, तर तुझं जेवण झालं का, मामी कशी वागते, तुला कोणाची आठवण येते.

मेसमध्ये ताटावर बसल्या बसल्या मी तुला धरलं. "नसीम, एलिफ कोण आहे?"

"एलिफ एलिफ हाय."

"तूच लिहितेस ते."

तू भाकरीचा तुकडा मोडलास. "समज, मी लिहिते. पोरगी लिहून राहिली ना?"

"ही फसवणूक आहे. तिला कळेल त्या दिवशी तुझ्यावरचा आणि इंग्रजीवरचा, दोन्हीवरचा तिचा विश्वास उडेल."

"कळंल तवा कळंल."

"मी सांगू तिला?"

"सांग. जा, सांग," म्हणालीस आणि ताट उचलून उठलीस. ते भांडण तिथेच राहिलं. मी आशाला सांगितलं नाही, ते तुझ्यावर दया म्हणून अजिबात नाही. माझ्याकडे पुरावा नव्हता. पुराव्याशिवाय मी बोलत नाही हे तुला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर कात्री चालवत होतीस.

पण तुझ्याबद्दल नुसतं एवढंच लिहिलं तर माझ्या जिभेला हाड नाही असं होईल. मला टायफॉइड झाला तेव्हा चाकूरहून कोणी येऊ शकलं नाही. तू क्लास सांभाळून माझी उशी-पांघरुणं धुतलीस, भाताची पेज चमच्यानं भरवलीस. मी त्या पेजेचासुद्धा वास घेऊन बघायचे. तू म्हणायचीस, "विष न्हाई टाकलं, महाग पडतं." तापात मी हसले की अंग दुखायचं. असं हसवणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही.

मग तुझ्या अब्बांनी अंथरूण धरलं आणि तू नांदेडला परत गेलीस, मुलींच्या शाळेत लागलीस. मी लातुरातच राहिले. आपलं फोनवर बोलणं चालू राहिलं, भांडणं चालू राहिली. एलिफचा विषय मी अधूनमधून काढायचे, तू टाळायचीस. आशा नर्सिंगला गेली, भोकरच्या दवाखान्यात लागली, इतकं तू सांगितलंस. ती अजून लिहिते का, हे विचारलं की तू म्हणायचीस, "कुणाला?"

गेल्या काही महिन्यांत तुझा आवाज बारीक झाला होता. मी विचारलं, तू म्हणालीस, "अ‍ॅसिडिटी हाय ग. तिखट बंद केलंय." मी म्हणाले, "डॉक्टरला दाखव." तू म्हणालीस, "दाखवलं." मी म्हणाले, "काय म्हणाले?" तू म्हणालीस, "सुनंदा आली की बरं वाटंल म्हणाले." मी हसले आणि फोन ठेवला. ज्या बाईनं दुधापासून तुर्कस्तानापर्यंत कशावर विश्वास ठेवला नाही, तिनं तुझ्या अ‍ॅसिडिटीवर ठेवला.

काल तुझी जियारत, तिसऱ्या दिवसाची दुआ, झाली. बायकांच्या खोलीत मी भिंतीला टेकून बसले होते. तुझ्या वहिनीनं एका मुलीला माझ्याजवळ आणून बसवलं. मी ओळखलं नाही. ती म्हणाली, "मॅडम, मी आशा." रडून रडून तिचे डोळे सुजले होते.  मला ते पोटात ठेवून परत जायचं नव्हतं. "आशा," मी म्हणाले, "तुला एक सांगायचंय. ती एलिफ..."

"मॅडमच होत्या," आशा म्हणाली. "मला म्हाईत होतं."

"कधीपासून?"

"दुसऱ्या पत्रापासून. एलिफनं लिहिलं, तू दाराजवळ झोपतीस का अजून? मी तिला ते लिहिलंच नव्हतं. मॅडमला सांगितलं होतं."

 माझा संशय सगळ्यांवर होता नसीम, तुझ्यावर, सरांवर, तुर्कस्तानावर. त्या दोन वेण्यांच्या पोरीवर नव्हता.

"मग तू बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर एलिफ गेली असती. मॅडमच्या तोंडावर मला आईबद्दल बोलता आलं नसतं. एलिफला लिहिता यायचं." मग म्हणाली, "मॅडमला पण माझ्याशी एलिफ होऊनच बोलता यायचं. अब्बा गेले ते एलिफनं मला लिहिलं, तिचे आजोबा गेले म्हणून. लग्नाची एक जागा मोडली तवा ते पण लिहिलं."

कुठली जागा मोडली, हे मला माहीत नव्हतं. मी विचारलं नाही.

"नर्सिंगला गेल्यावर माझा ई-मेल झाला, तवापासून एलिफ तिथंच लिहायची. उन्हाळ्यात तिचं पत्र आलं," आशा सांगत होती. "तिच्या मावशीला भाकरी गिळवत न्हाई, पाणी तेवढं जातं, वजन लई उतरलं, आणि घरात कोणाला सांगायचं धाडस होत न्हाई. मी नर्स हाय, मॅडम. मी वाचलं आणि तशीच बसस्टँडवर गेले. दवाखान्यात मीच नेलं. पण उशीर झाला होता."

"नसीमला ठाऊक होतं का, की तुला कळलंय ते?"

आशानं ओढणीनं डोळे पुसले. "आम्ही बोललो न्हाई कधी. शेवटी मी त्यांचा हात धरून म्हणले, एलिफच्या मावशीला त्रास होणार न्हाई, मी हाय. मॅडम म्हणल्या, बरं, एलिफला कळवते."

नसीम, ते ऐकल्यापासून मी तुझ्यावर रागावले आहे. आता रडू येतंय ते पण रागाचंच आहे असं मी स्वतःला सांगते आहे. त्या पोरीला तू आधार दिलास, तिनं तुला दिला. मी ज्याला फसवणूक म्हणत होते ती तुम्हा दोघींना ठाऊक असलेली गोष्ट होती आणि दोघींनी ती जपली. ते मी मान्य करते. पण तिला कळवायला तुला एक नाव सापडलं. मला कळवायला का सापडलं नाही? खोट्या नावानं लिहिलं असतंस तरी चाललं असतं. मी ओळखलं असतं, तेवढ्यासाठी तर जन्मभर तुझ्यावर पाळत ठेवली.

मी रिपोर्ट मागितले असते, खरं आहे. डॉक्टरची डिग्री विचारली असती, दुसऱ्या डॉक्टरकडे नेलं असतं, तिसऱ्याकडे नेलं असतं, दवाखान्यात सगळ्यांशी भांडले असते, तुझ्याशी सगळ्यात जास्त. पण आले असते नसीम. फोन ठेवून, होते त्या कपड्यांनिशी आले असते. एवढं तरी तुला ठाऊक होतं ना?